जुनी सिटी ऑटोमॅटिक : गिअरबॉक्सचं ऑईल बदलल्यावर रेस वाढते, गिअरबॉक्स गेला समजायचा का?

तुमच्या प्रश्नातली हकीकत अशी : २०११ ची होंडा सिटी ऑटोमॅटिक, ९० हजार किलोमीटर झालेली. विकणाऱ्याने महिन्यापूर्वीच गिअरबॉक्सचं ऑईल बदलून घेतलंय. गाडी थंड असताना छान चालते, पण अर्धा तास पळवली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम भसकन चढतात आणि मग गिअर पडतो. तुमचा मेकॅनिक म्हणाला, "जुन्या ऑटोमॅटिकचं ऑईल बदलायचंच नसतं, बदललं की गिअरबॉक्स बसतो." आणि तुम्ही विचारताय, गाडी घ्यावी की सोडावी.

घ्यावी की सोडावी हे किमतीवर आहे, ते तुम्ही बघा. मी लिहितोय ते मेकॅनिकच्या त्या वाक्यासाठी. हे वाक्य गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकतोय आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स उघडले गेलेले पाहिलेत. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते एका गाडीवरून सांगतो.

तुमच्यासारखीच सिटी, २०१० ची, साताऱ्याहून आली होती. लक्षण तेच : पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढला की दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये रेस सुटायची. मालकाला दुसरीकडे ओव्हरहॉलचं, म्हणजे गिअरबॉक्स उघडून दुरुस्तीचं, ८५ हजारांचं एस्टिमेट मिळालं होतं. कारण काय सांगितलं? "ऑईल बदललंत ना, म्हणून क्लच प्लेटा स्लिप मारायला लागल्या." गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा गिअरबॉक्सच्या वरच्या भागावर, ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राच्या) आसपास लाल ओघळ होते आणि त्यावर धूळ बसून लगदा झाला होता. खालची बाजू, ड्राइव्ह शाफ्टची सीलं मात्र कोरडी ठणठणीत. गळती असती तर ऑईल खाली दिसलं असतं. वरून ओकतंय याचा अर्थ आत जास्त झालंय.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची काडी. इथेच सगळी गोम आहे. या होंडाच्या गिअरबॉक्सचं ऑईल इंजिन बंद करून मोजायचं असतं. गाडी पूर्ण गरम, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झालेला, जागा सपाट, इंजिन बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत. टोयोटा, ह्युंदाईच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उलटं आहे : इंजिन आयडलवर चालू, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवायचा आणि मग मोजायचं. ज्याचा हात त्या गाड्यांवर बसलाय तो सिटीचंही इंजिन चालू ठेवूनच काडी ओढतो. इंजिन चालू असताना पंपाने तळातलं ऑईल उचलून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब वाटून देणारा भाग) आणि कूलरकडे दिलेलं असतं, त्यामुळे काडीवर पातळी कमी दिसते. माणूस म्हणतो "कमी आहे" आणि आणखी ओततो. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी बघितलं तर वरचं ऑईल तळाशी उतरलेलं असतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. म्हणून तो सेकंदांचा हिशोब पाळायचा.

त्या सिटीची काडी सत्तराव्या सेकंदाला काढली. ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर. रंग लाल, जळका वास नाही, पण काडीच्या टोकाला साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे चिकटलेले. मालकाकडे बिल होतं : होंडाच्या ऑटोमॅटिकच्या ऑईलचे, एटीएफ डीडब्ल्यू-१ चे, एक-एक लिटरचे चार डबे. डिकीत एक डबा निम्मा भरलेला सापडला. म्हणजे आत गेलं साडेतीन लिटर. या गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढला तर बाहेर येतं अडीच लिटरच्या आसपास, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. डिपस्टिकच्या भोकातून सलाइनची नळी घालून मोठ्या सिरिंजने दीड-दीडशे मिलिलिटर ओढलं, पाच वेळा. साडेसातशे मिलिलिटर निघाल्यावर पातळी वरच्या खुणेवर आली. उरलेलं पाव लिटर गिअरबॉक्सच्या पाठीवर ओघळलेलं होतंच. हिशोब जुळला.

जास्त ऑईलने रेस का सुटते? होंडाच्या या पेटीत बहुतेक ऑटोमॅटिकसारखे प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे) नसतात. मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट, त्यावर तिरप्या दातांचे गिअर आणि प्रत्येक गिअरला त्याचा क्लच पॅक. पातळी खुणेवर असली तर ठीक. वर गेली की फिरणारे गिअर त्या ऑईलला रवीने ताक घुसळावं तसं घुसळतात आणि त्यात हवा मिसळते. हवा दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. फेसाळ ऑईलने क्लचचा पिस्टन उशिरा आणि ढिला दाबला जातो, दुसरा क्लच सुटलेला असतो आणि तिसऱ्याने अजून पकडलेलं नसतं. तेवढा वेळ इंजिन मोकळं, म्हणून आरपीएम चढतात. सकाळी फेस बसलेला असतो, गाडी छान चालते. घाटात, गरमीत तो वाढतो. तुमच्या प्रश्नातलं "थंड असताना छान" हे तीन शब्द वाचूनच मला ती गाडी आठवली.

नंतर तीच गाडी दोनदा घाटातून फिरवली, रेस सुटली नाही. आर (रिव्हर्स) टाकताना येणारा दणका तेवढा राहिला आणि तो गिअरबॉक्सचा नव्हताच. बॉनेट उघडं, पाय ब्रेकवर घट्ट, एकाने आत बसून डी-आर-डी केलं तर इंजिन उचंबळून आपटत होतं. इंजिन फाउंडेशन (इंजिनाचा रबरी आधार) फाटलं होतं, ते बदललं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये "गिअरबॉक्सला झटके" म्हणून येणाऱ्या गाड्यांत फाउंडेशन आधी बघावं, पेटी नंतर.

आता तुमच्या गाडीचं. पहिली भेट सकाळी ठेवा आणि विकणाऱ्याला सांगा, आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनावर एन मधून डी टाका आणि गाडी ओढायला लागेपर्यंत सेकंद मोजा. सव्वा सेकंदाच्या आत पकडलं पाहिजे, आरला दीडच्या आत. दोन-तीन सेकंद लागत असतील तर आतलं प्रेशर कमी पडतंय. मग अर्धा तास चालवा, सपाट जागी थांबा, वर सांगितलं तशी काडी काढा आणि ऑईल पांढऱ्या टिश्यूवर टिपा. लाल किंवा तपकिरी, पसरणारं असेल तर काळजी नाही. काळं आणि जळक्या ब्रेक लायनरसारखा वास असेल तर क्लच जळलेत. गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट मिसळलंय, गाडी तिथेच सोडून द्या. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, तर ब्रीदरमधून पाणी शिरून हेच होतं.

७० च्या स्थिर वेगाला रेस तशीच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलकं, दिवा लागेल इतपतच टेकवा, मागे रस्ता मोकळा असताना. लॉक-अप (कन्व्हर्टरमधला, इंजिन थेट जोडणारा क्लच) सुटून आरपीएम दोन-तीनशेने चढले पाहिजेत. गाडी आधी रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरत असेल आणि ब्रेक टेकवताच थरथर थांबली, तर ती कन्व्हर्टरच्या क्लचची आहे. बऱ्याचदा ताज्या ऑईलनेच जाते. थांबली नाही तर प्लग, कॉइल बघा, ते मिसफायर असू शकतं.

मीटरमधला डी लुकलुकत असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पुढे बोलूच नका. पातळी बरोबर असूनही दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये रेस सुटली तर ओव्हरहॉलच्या आधी क्लच प्रेशर स्विच तपासा. ते पेटीच्या बाहेरून आट्यांनी बसवलेले असतात. प्रेशर नसताना सर्किट उघडं, प्रेशर आल्यावर बॉडीला जोडलं गेलं पाहिजे, मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळतं. स्टॉल टेस्ट (ब्रेक घट्ट दाबून गिअरमध्येच पूर्ण रेस देणं) मात्र दुसऱ्याच्या गाडीवर करू नका. त्यात दहा सेकंदांत ऑईल एवढं तापतं की दुबळा क्लच तिथेच जातो आणि मग भांडण तुमच्या गळ्यात.

त्या मेकॅनिकच्या वाक्यात खरं किती, तेही सांगतो. लोक वर्षानुवर्षं ऑईल बदलत नाहीत, गाडी स्लिप मारायला लागली की धावतात. क्लचचं लायनिंग आधीच संपलेलं असतं, नवं ऑईल ते परत आणत नाही आणि दोष मात्र ऑईलला लागतो. मशीन लावून जोरात फ्लश केलं तर तळाचा गाळ व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन सोलेनॉइड (ऑईलची वाट उघडझाप करणारा विजेचा व्हॉल्व्ह) अडकू शकतो, म्हणून फ्लश मीही करत नाही. ड्रेन करायचं, जेवढं निघालं तेवढंच मोजून भरायचं, सगळे गिअर पडतील असं थोडं चालवायचं, पुन्हा ड्रेन. एका वेळी साधारण ४५ टक्के ऑईल बदलतं, तीन वेळा केलं की ८० टक्क्यांच्या वर नवं. ड्रेन बोल्टला डोकं नसतं, चौकोनी खाच असते, त्यात ३/८ चा रॅचेट थेट बसतो. वॉशर दरवेळी नवा, आवळणं ४९ न्यूटन-मीटर. बोल्टच्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप असतोच, त्याने घाबरू नका. नखाला टोचतील असे लोखंडाचे कपचे असतील तर मात्र पेटी उघडावी लागेल, तिथे तुमचा मेकॅनिक बरोबर.

ऑईल कुठलं टाकलंय हेही विचारा. २००८ च्या आधीची सिटी सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) होती, २०१४ पासूनची पुन्हा सीव्हीटी, तुमची मधली पाच गिअरची. सीव्हीटीचं ऑईल वेगळं, ते यात चालत नाही. विकणाऱ्याकडे ऑईलचं बिल मागा. त्यावर अडीच-तीन लिटरपेक्षा जास्त आकडा असेल, ड्रेन एकदाच केलेला असेल आणि उरलेला डबा कुठे आहे हे त्याला सांगता येत नसेल, तर सिरिंज आणि नळी घेऊनच जा.