शाळा सुटल्यावर मूल कोणापाशी? पालकांच्या प्रश्नांना बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

एप्रिल उजाडला की जळगाव, धुळे, भुसावळच्या चौकांत शाळाप्रवेशाचे फलक लागतात आणि अलीकडे त्यांवर ‘डे-केअरची सोय’ ही ओळ हमखास असते. ती सोय नेमकी कोणती, लहान मुलाला तिच्यावर किती वेळ सोपवावे आणि शाळेत पाठवणे खरोखर केव्हा गरजेचे असते, हे विचारणारी पत्रे सतत येतात. गोंधळ बहुतांशी तोच असल्यामुळे काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमची मुलगी सप्टेंबरमध्ये तीन वर्षांची होईल. ‘आत्ताच पैसे भरले नाहीत तर नर्सरीत जागा राहणार नाही,’ असे शाळा सांगते. प्रवेश घ्यावा का? (पालक, भुसावळ)

राज्यात नर्सरीसाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षे आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे वयाची अडचण नाही. जागा संपण्याचा धाक मात्र विक्रीचा आहे, शिक्षणाचा नाही. पावतीशिवाय रक्कम मागणाऱ्या, किंवा एवढ्या लहान मुलीची ‘मुलाखत’ घेणाऱ्या शाळेत मी माझ्या नात्यातले मूल घातले नसते. वर्ग भरलेला असताना एकदा आत जाऊन पाहा आणि मगच ठरवा.

प्रश्न : मुलाला सकाळी ताप असेल तर औषध देऊन शाळेत पाठवले तर चालते का? (पालक, नंदुरबार)

नाही. औषधाचा अंमल उतरतो तेव्हा मूल वर्गात असते आणि तोपर्यंत शेजारच्या मुलांनाही संसर्ग झालेला असतो.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बालवाडी सुटल्यावर त्याच शाळेत संध्याकाळी सहापर्यंत डे-केअर आहे. कॅमेरे आहेत, वातानुकूलित खोली आहे. सासरची मंडळी म्हणतात की पाळणाघरातली मुले हट्टी आणि आजारी होतात. ठेवावे का, आणि तेथे काय पाहावे? (एक आई, जळगाव)

सासरच्या मंडळींचे म्हणणे आधी बाजूला ठेवू. पाळणाघरामुळे मूल हट्टी होते, हे ऐकीव आहे. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला वाढतो हे खरे. परंतु घरी राहिलेल्या मुलाला तोच सर्दी-खोकला शाळेत जाऊ लागल्यावर होतो. आईने नोकरी करावी की नाही, हा वैद्यकीय प्रश्न नाही आणि त्यावर मत देण्यासाठी माझ्याकडे कोणी येऊ नये.

खरा प्रश्न निराळा आहे आणि तो पालक क्वचितच विचारतात. सकाळी वर्गावर ज्या बाई असतात, त्या दुपारी घरी जातात. त्यानंतर तुमचा मुलगा कोणाच्या हाती असतो? पुष्कळ ठिकाणी त्याचे उत्तर ‘मावशी’ एवढेच असते. त्याच मावशी वर्ग झाडतात, डबे धुतात, फोन आला तर कार्यालयात जातात आणि उरलेल्या वेळात पंचवीस-तीस मुले सांभाळतात. पगार तुटपुंजा असल्यामुळे त्या टिकत नाहीत, म्हणून दिवाळीपर्यंत मुलाने तीन चेहरे पाहिलेले असतात. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बाल्यावस्था संगोपन व शिक्षणविषयक राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, असे म्हटले आहे. माझ्या मते हा आकडादेखील उदार आहे. तरीही फी ठरवण्याआधी तो शाळेपुढे ठेवा आणि ‘दुपारी तीन वाजता किती मुले आणि किती माणसे?’ असे विचारा. सकाळच्या शिक्षिकांची संख्या ऐकून परत येऊ नका.

माणूस टिकण्याला मी एवढे महत्त्व देतो, कारण या वयाचे मूल पोट दुखते, चड्डी ओली झाली, कोणी मारले, हे कोणालाही सांगत नाही. ज्या व्यक्तीची त्याला ओळख पटली आहे, तिलाच ते सांगते. ओळख पटायला काही आठवडे जातात आणि व्यक्ती बदलली की तेवढेच आठवडे पुन्हा जातात. दुपारभर लघवी रोखून धरणारी आणि त्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाने किंवा बद्धकोष्ठाने बेजार झालेली मुले माझ्याकडे येतात. चौकशी केली तर कारण बहुधा एकच निघते : नवीन बाईंना सांगायची भीती वाटत होती.

दुसरी गोष्ट झोपेची. एखाद्या ठिकाणी सगळीच मुले दुपारी एकाच वेळी तीन तास गाढ झोपत असतील, तर मला ती शिस्त वाटत नाही, शंका वाटते. सर्दीची काही औषधे गुंगी आणतात, आणि ‘थोडेसे पाजले तर काय बिघडते’ असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले आहेत. तुमच्या लेखी सूचनेशिवाय कोणतेही औषध द्यायचे नाही, हे शाळेकडून लिहून घ्या. मूल घरी आल्यावरही पेंगत असेल, चालताना झोक जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

राहिले कॅमेरे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, ते योग्यच झाले. परंतु कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, घडत असलेले थांबवत नाही. स्वच्छतागृहात मुलाबरोबर कोण जाते, पुरुष कर्मचाऱ्यांचा तेथे वावर असतो का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे प्रश्न संकोच न करता विचारा. मुलाला न्यायला कोण येऊ शकते, याची छायाचित्रांसह नोंद शाळेत असावी. ‘मी मामा आहे’ एवढ्यावर मूल हवाली होत असेल, तर पुढची चौकशी करण्याची गरज नाही, मूल काढून घ्या. वातानुकूलनाचे कौतुक करण्याआधी वीज गेल्यावर खिडक्या उघडतात का तेही पाहा, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि वीज विचारून जात नाही.

एखाद्या दुपारी न कळवता जा. दारात अडवले आणि ‘पालकांना आत परवानगी नाही’ असे सांगितले, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले. मुलाला दमा, आकडी किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी असेल, तर मात्र वरचे सगळे ठीक असले तरी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आणि त्यांची लेखी सूचना शाळेला दिल्याशिवाय ठेवू नका.

प्रश्न : शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्क्यांत नंबर लावून देतो म्हणून एक जण पैसे मागतो. द्यावेत का? (पालक, अमळनेर)

देऊ नका. अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य असतो, निवड सोडतीने होते, आणि सोडतीत कोणाचाही हात चालत नाही. शंका असल्यास पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.

प्रश्न : मुलगी शाळेच्या दारात रडून गोंधळ घालते. तिची आजी सांगते की तिचे लक्ष नसताना निघून यावे. किती दिवस रडू द्यावे? (एक आई, चाळीसगाव)

गुपचूप निघून येऊ नका. त्यामुळे आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, एवढेच मूल शिकते आणि घरीही पदर सोडत नाही. ‘जेवणानंतर घ्यायला येते’ असे सांगून, निरोप घेऊन, थोडक्यात निघा आणि त्या वेळेला खरोखर पोहोचा. पहिले काही दिवस तास-दोन तासच ठेवा. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात. महिना उलटूनही मूल रडत असेल, खाणे सोडले असेल, झोपेत दचकत असेल किंवा एखाद्या ठरावीक व्यक्तीचे नाव काढताच आकसत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणू नका. शाळेत चौकशी करा आणि मुलीला डॉक्टरांकडे आणा. गैरवर्तनाची शंका आली तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

प्रश्न : घरी आम्ही अहिराणी बोलतो. बालवाडीच्या बाई म्हणतात, घरी मराठी-इंग्रजीच बोला, नाहीतर मूल मागे पडेल. (पालक, शिरपूर)

घरी अहिराणीच बोला. लहान मुलाच्या डोक्यात दोन-तीन भाषा सुखाने नांदतात; लेवा गणबोली, पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या घरांतील मुले शाळेत मराठी शिकतच असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सुरुवातीची वर्षे शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावीत असेच म्हटले आहे. बाईंना माझे हे उत्तर दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा झाला तरी पाच-सहा शब्दच बोलतो. त्याचे वडीलही उशिरा बोलले होते. शाळेत मुलांमध्ये घातले की बोलेल, असे सगळे सांगतात. (एक आई, पारोळा)

सगळे चुकीचे सांगत आहेत. या वयाची मुले छोटी वाक्ये बोलतात. शाळेची वाट पाहण्यात, मग ‘अजून एक वर्ष पाहू’ म्हणण्यात नेमका तो काळ निघून जातो, ज्यात उपचारांचा सर्वाधिक उपयोग होतो. वडील उशिरा बोलले होते, हे कारण तपासणी टाळण्यासाठी पुरेसे नाही. प्रथम कानांची तपासणी करून घ्या. टाळी वाजवल्यावर मूल वळून पाहते, यावरून त्याला शब्द ऐकू येतात असे सिद्ध होत नाही. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. सेविकेला विचारून नाव नोंदवा, पुढची तपासणी मोफत होते. पथकाची फेरी लांब असेल तर तिची वाट पाहू नका, जिल्हा रुग्णालयात जा. शाळेत जरूर घाला, पण तपासणीच्या ऐवजी नको.

प्रश्न : एका कंपनीचा माणूस टॅब आणि तीन वर्षांचे सदस्यत्व विकतो आहे. चार वर्षांच्या मुलाला बालवाडीऐवजी घरीच शिकवता येईल, असे तो म्हणतो. (केळी बागायतदार, रावेर)

घेऊ नका. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या तो काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, तेव्हा दुसरीतली मुले वर्गात बसायचे कसे, हेदेखील नव्याने शिकत होती. या वयात मूल मातीत, पाण्यात, ठोकळ्यांशी आणि दुसऱ्या मुलांशी भांडत शिकते; पाळी येईपर्यंत थांबणे काचेवर बोट फिरवून येत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा सल्ला असा आहे की दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या सोबतीने दिवसाला एका तासाहून जास्त दाखवू नये. विक्रेत्याला हे वाचून दाखवा आणि शंभर पावलांवरच्या अंगणवाडीत मुलाचे नाव घाला.

प्रश्न : मी चटई कारखान्यात कामाला आहे. बाळ दीड वर्षाचे आहे. अंगणवाडी लवकर सुटते. काय करावे? (एक आई, जळगाव)

कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असतील, तर मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणे मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. ‘कंत्राटी आहात’ म्हणून कोणी टाळत असेल, तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा. काही ठिकाणी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. आपल्या भागात ते आहे का, हे पर्यवेक्षिका सांगू शकतील.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. चार आणि सात वर्षांची भावंडे आजीजवळ ठेवावीत, की आईवडिलांबरोबर जाऊ द्यावीत? पालक मला विचारतात. (अंगणवाडी सेविका, तळोदा तालुका)

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सात वर्षांच्या मुलासाठी मी शाळेच्या बाजूने आहे. आजी धडधाकट असेल, किंवा गावात हंगामी वसतिगृह खरोखर चालू होणार असेल, तर त्याने राहावे. वसतिगृहाचा प्रस्ताव मुकादमाची गाडी गावात येण्याआधी मुख्याध्यापकांकडून जायला हवा. दरवर्षी तो पाखरे उडून गेल्यावर मंजूर होतो, याचा मला मनस्वी राग आहे. मूल जाणारच असेल, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसवून घेता येईल.

चार वर्षांच्या मुलाचा विचार मी उलट्या बाजूने करीन. एवढ्या लहान मुलाला सहा महिने आईपासून दूर ठेवणे सोपे नाही, आणि थकलेल्या आजीच्या एकटीच्या बळावर तर नाहीच. तसेच उसाच्या फडात बैलगाडीखाली झोपवलेले मूल सुरक्षित असते, असेही मी म्हणणार नाही. निघण्यापूर्वी त्याचे वजन, उंची व दंडघेर घ्या, राहिलेली लस टोचून घ्या, स्थलांतराची नोंद अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर करा आणि लसीकरणाचे कार्ड आईच्या हाती द्या. वजन आधीच कमी असेल, तर त्याला जाऊ देण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

प्रश्न : डे-केअरमध्ये रोज बालवाडीचा गृहपाठही करून घेतात. हे चांगले ना? (पालक, दोंडाईचा)

नाही. बालवाडीच्या वयात गृहपाठ नसतो. शाळेला तसे सांगा, आणि ती ऐकत नसेल तर दुसरी शाळा पाहा.