फ्रान्समधला अकॉर्डियनचा जुना कारखाना बघायला वाट वाकडी करून जावं का? मी पेटी वाजवतो, फ्रेंच येत नाही.

पेटी वाजवता ना? मग नक्की जा. नुसते पर्यटक म्हणून जाणार असाल, तर तासाभरात कंटाळाल.

पहिली गोष्ट, पॅरिसमध्ये शोधत बसू नका. अकॉर्डियन म्हटलं की डोळ्यांपुढे पॅरिसचा कॅफे येतो, पण वाद्य बनतं ते तिथून दक्षिणेला सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवर, कोरेझ भागातल्या त्यूल या गावात. दोन्ही बाजूंना चढ आणि मधल्या चिंचोळ्या दरीत नदीकाठाने लांबलचक पसरलेलं गाव. नवरीच्या डोक्यावरचं ते जाळीदार ट्यूल कापड असतं ना, त्याचं नाव याच गावावरून पडलं. इथला मोझँ कंपनीचा अकॉर्डियनचा कारखाना 1919 मध्ये सुरू झाला. एके काळी दोनशेहून जास्त माणसं कामाला होती, पुढे मोजकीच उरली.

मी तुलूझला नोकरीला होतो तेव्हा एका शुक्रवारी रजा टाकून गेलो. तुलूझ ते ब्रीव आणि ब्रीवला गाडी बदलून अर्ध्या तासात त्यूल, असा साधा प्रवास. ब्रीवला पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली आणि फलाटावर दोन तास काढले. पोचेपर्यंत बाराचा ठोका पडून गेलेला. फ्रान्समधल्या लहान गावांत बारा ते दोन म्हणजे जेवण, त्या वेळात कोणी कोणाचं नसतं. म्हणून सकाळी लवकर पोचा. आधी ईमेल करून वेळ मागून घ्या आणि ऑगस्ट टाळा, त्या महिन्यात तिकडची बरीच कामाची ठिकाणं सुट्टीवर असतात.

आता आतलं. वासावरूनच विभाग कळतात. लाकडाचा भुसा पहिल्या खोलीत. पुढे नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा उग्र वास, कारण तिथे लाकडी पेटाऱ्यावर सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्लास्टिकचं, पान चढवतात. शिंपल्यासारखी चमक असलेलं हे पान अ‍ॅसिटोनमध्ये मऊ करायचं, लाकडावर ताणून बसवायचं आणि सुकू द्यायचं. ते भुर्रकन पेट घेतं, त्यामुळे आसपास काडी ओढायची सोय नाही. भात्याच्या घड्या जाड पुठ्ठ्याच्या, वरून कापडी पट्टी आणि कोपऱ्याकोपऱ्यात पातळ चामडं. डाव्या हाताच्या बटणांमागची तरफांची गुंतागुंत मला दोनदा समजावली, दोन्ही वेळा मी मान हलवली. एक बटण दाबलं की तीन झडपा उघडून तयार कॉर्ड, म्हणजे तीन स्वर एकदम, वाजते एवढंच पदरात पडलं.

मी खरा अडकलो तो सुरांच्या टेबलाशी.

माझ्या काकांचं सांगलीत पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच. खर्ज, नर, मादी ही पेटीतल्या सुरांच्या ओळींची नावं मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन. पितळी सुराची जीभ, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणारं पातळ पातं, घासताना काका म्हणायचे, “टोकाला घासलास की चढतो, बुडाला घासलास की उतरतो, आणि जास्त घासलास की भंगारात जातो.” त्यूलमधल्या टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई हेच करत होत्या. फरक इतकाच की जीभ पितळेची नाही, पोलादाची, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर रिव्हेटने ठोकलेली. आणि एका पट्टीवर दोन जिभा, एक वरून, एक खालून. आपल्या पेटीत हवा आधी आतल्या भात्यात साठते आणि सुरातून एकाच दिशेने जाते, म्हणून एका सुराला एक जीभ पुरते. अकॉर्डियनचा भाता ओढताना वेगळी जीभ बोलते, दाबताना वेगळी. दोन्ही तंतोतंत सारख्या लागायला हव्यात, नाहीतर भाता फिरवला की सूर बदलला. ज्या बाजूने हवा नको तिथे चामड्याची किंवा प्लास्टिकची बारीक पट्टी चिकटवलेली असते, ती हवेसरशी बंद होते.

पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने नाही, मेणाने बसवतात. मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र वितळवून चोचीच्या छोट्या डावातून पट्टीच्या कडेने धार सोडायची. मेण धूर सोडण्याइतकं तापता कामा नये आणि गार पडलं तर पकडत नाही. बाईंनी एक धार सोडून दाखवली, एका दमात, कुठेही न थांबता. मग डाव माझ्या हातात दिला. माझ्या धारेचे गोळे झाले. त्यांनी ते न हसता खरवडून काढले.

त्यानंतर त्या जुळवणीला बसल्या आणि मी चक्रावलो. फ्रेंच मुझेत (पॅरिसच्या नाचघरांतलं संगीत) धाटणीच्या वाद्यात एका बटणाला तीन सूर एकत्र वाजतात. मधला नेमका, दुसरा किंचित चढा, तिसरा किंचित उतरा, आणि हे मुद्दाम. एक सूर सेकंदाला 442 कंपनांचा आणि शेजारचा 446 चा असेल, तर कानाला सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. दोन सुरांमधला हाच हेलकावा मारण्यासाठी काका संध्याकाळच्या संध्याकाळ घासत बसायचे. त्यूलच्या बाई तो मोजूनमापून ठेवत होत्या! खालच्या स्वरांत हेलकावे कमी, वर जावं तसे थोडे थोडे जास्त, म्हणजे सगळं वाद्य एकाच श्वासात डुलल्यासारखं वाटतं. हल्लीच्या बऱ्याच वादकांना इतका डोल नको असतो, ते जवळजवळ कोरडी, म्हणजे हेलकावा नसलेली, जुळवणी सांगतात. बाईंना ते फारसं रुचत नसावं, कारण कोरडा नमुना त्यांनी एकदाच वाजवला आणि लगेच बाजूला ठेवला.

टेबलावर जुळलेला सूर पेटाऱ्यात गेला की पुन्हा हलतो. मग खिळे काढा, भाता उघडा, आतल्या बाजूची जीभ बारीक हुकाने वर ओढून तिच्याखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवा, दोनदा खरवडा, बंद करा, ऐका. पुन्हा उघडा. एका सुरासाठी मी हे पाच वेळा पाहिलं. भाषेची अडचण म्हणाल तर या अर्ध्या तासात आम्ही दहा शब्दही बोललो नसू.

मी फोनवर थोडा आवाज रेकॉर्ड करून काकांना पाठवला. (आधी विचारून हं. फोटो, आवाज, काहीही घ्यायचं तर विचारा.) रात्री त्यांचा फोन: “अरे, बेसूर आहे की रे ही!” मी सगळं समजावलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, “पण सगळ्या पट्ट्यांत सारखीच बेसूर ठेवतात? कशी काय?” दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न घेऊन त्यांचा फोन.

हा डोल फ्रेंचांच्या कानात बसला कसा, तेही जाता जाता सांगतो. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या डोंगरातली माणसं पोटापाण्यासाठी पॅरिसला आली, कोळसा विकू लागली, कॅफे काढले, आणि आपली चामडी पिशवीची बॅगपाइप सोबत घेऊन आली. मुझेत हे मूळ त्या बॅगपाइपशी जोडलेलं नाव. मग इटलीहून आलेल्या वादकांचं अकॉर्डियन त्या नाचघरांत शिरलं आणि बॅगपाइपला बाजूला सारून बसलं, नाव मात्र तिचंच राहिलं. आपल्या पेटीचं मूळही पॅरिसचंच, दबँ नावाच्या कारागिराने 1842 मध्ये तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. जुन्या पेटीत पॅरिसचे सूर आहेत म्हटलं की आजही गिऱ्हाईक दोन हजार जास्त द्यायला तयार होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

विकत घ्यायचा विचार असेल तर आधीच सांगतो, चांगलं नवं वाद्य हजारो युरोंच्या घरात जातं आणि मोठं असेल तर वजन दहा किलोच्या वर. शिवाय फ्रेंच पद्धतीत उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्या नसून बटणं असतात, त्यामुळे पेटीवरची बोटं इथे कामाची नाहीत. मला त्यांनी एक वाजवायला दिलं होतं. सारेगम शोधता शोधता घाम फुटला.

गावात वेळ उरला तर नदीकाठाने चाला. 9 जून 1944 ला जर्मन एसएस सैनिकांनी याच गावात 99 पुरुषांना बाल्कन्यांना आणि दिव्याच्या खांबांना फाशी दिलं. ब्रीवच्या रस्त्यावर त्यांचं स्मारक आहे. मला हे परतताना कळलं, आधी माहीत असतं तर त्या बाल्कन्यांखालून इतक्या मजेत फोटो काढत फिरलो नसतो.

ईमेल फ्रेंचमध्ये लिहा, भाषांतराचं अ‍ॅप चालेल. पेटी वाजवता, सूर जुळवताना बघायचे आहेत, असं स्पष्ट लिहा. नाहीतर सेल्युलॉइड आणि भाता दाखवून बाहेर आणून सोडतील. आणि डबा सोबत ठेवा.