दिवसभर सुरू असलेला कॅमेरा

प्रश्न : मी मालाड येथील एका कंपनीत टीम लीड आहे. आमच्याकडे आरोग्य विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासली जातात. माझ्या हाताखाली अकराजण असून त्यांपैकी सातजण विरार, कळवा, डोंबिवली अशा ठिकाणांहून घरूनच काम करतात. गेल्या महिन्यात एकाला दुपारी तीन वेळा फोन लावूनही त्याने उचलला नाही. तेव्हापासून सर्वांनी शिफ्टभर कॅमेरा सुरू ठेवावा, असा आमच्या साहेबांचा आग्रह आहे. दोघींनी त्याला नकार दिला आहे. साहेबांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, कारण कोण काम करतो आणि कोण नाही, हे मलाही सांगता येत नाही. मी काय करावे?
– एक वाचक, मालाड

उत्तर : ‘मलाही सांगता येत नाही’ हे आपण प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून तेथूनच सुरुवात करते. दावे तपासणे हे मोजता येण्याजोगे काम आहे. प्रत्येक दाव्याला क्रमांक असतो, तो कोणाकडे कधी गेला आणि कधी निकाली निघाला याची नोंद असते, आणि चुकीमुळे परत आलेला दावा कोणाच्या हातून गेला होता हेही शोधता येते. इतके हाताशी असूनही कोण काम करतो हे कळत नसेल, तर या नोंदी आठवड्यातून एकदा तरी कोणी उघडून पाहत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. कॅमेरा लावून ही उणीव भरून निघणार नाही.

असा संशय येणारे आपण एकटेच नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ११ देशांतील २० हजार लोकांची पाहणी केली, तेव्हा ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी आपले काम चोख होत असल्याचे सांगितले होते. आपली माणसे चोख काम करतात याची पूर्ण खात्री मात्र १२ टक्के वरिष्ठांनाच होती.

या बाबतीत मी स्वतः एकदा फसले आहे. २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद असताना मी एका कार्यालयात हिशेब तपासणाऱ्या सहाजणांचे काम पाहत असे. त्यांतील परळच्या चाळीत राहणारा एकजण कॅमेरा कधीच सुरू करीत नसे आणि त्याच्या बाजूने सतत टकटक ऐकू येई. मी हट्टाने कॅमेरा सुरू करायला लावला, तेव्हा दिसला तो फक्त छताचा पंखा. त्याची आई शिवणकाम करीत असे आणि खोलीतले एकुलते एक टेबल तिच्या मशीनखाली गेलेले असल्यामुळे तो जमिनीवर बसून, लॅपटॉप मांडीवर तिरका ठेवून काम करीत होता. मला ओशाळल्यासारखे झाले, पण त्या दिवसांतली माझी खरी चूक निराळीच होती. ठाण्याचा एक मुलगा रोज वेळेवर, भांग पाडून, कॅमेऱ्यासमोर बसत असे. त्याच्याबद्दल मी निर्धास्त होते. त्याच ऑगस्टमध्ये जीएसटीआर-२बी हे जीएसटीचे नवे विवरण सुरू झाले होते आणि खरेदीच्या बिलांशी त्याचा ताळमेळ कसा घालायचा, हे त्याला उमगले नव्हते. तीन आठवडे तो स्क्रीनकडे कपाळाला आठ्या घालून पाहत राहिला आणि ते मला मन लावून चाललेले काम वाटले. तो कामचुकार नव्हता. अडकला होता आणि विचारायला संकोचत होता. मी त्याचा चेहरा पाहण्याऐवजी त्याची ताळमेळाची पत्रके पाहिली असती, तर पहिल्याच आठवड्यात ते माझ्या लक्षात आले असते.

नकार देणाऱ्या दोघी स्त्रियाच आहेत, याचे मला नवल वाटले नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच कंपनीतील १०३ कर्मचाऱ्यांना चार आठवडे मीटिंगमध्ये कधी कॅमेरा सुरू ठेवून, तर कधी बंद ठेवून बसवले होते. कॅमेरा सुरू असलेल्या दिवशी थकवा अधिक जाणवला आणि तो स्त्रियांना व नव्याने रुजू झालेल्यांना जास्त जाणवला. आपल्याकडे यात घराच्या आकाराची भर पडते. वन रूम किचनमध्ये कॅमेरा कोठेही वळवला, तरी कोणाची तरी आंघोळीनंतरची ये-जा, सासऱ्यांची दुपारची झोप किंवा दोरीवरचे कपडे त्यात येणारच. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय असते, पण मागून जाणारा माणूस तिच्यातूनही अधूनमधून डोकावतो.

कायद्याविषयी थोडक्यात सांगते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी किंवा कंपनीचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्याची मुभा ठेवलेली आहे, आणि साहेब तिच्याकडे बोट दाखवू शकतील. ती मुभा कर्मचाऱ्यापुरती आहे. त्याची आई किंवा मुले कंपनीच्या नोकरीत नाहीत, हे आपण त्यांच्या लक्षात आणून द्यावे. नेदरलँड्समध्ये दिवसभर कॅमेरा सुरू ठेवण्यास नकार दिला म्हणून एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याला काढून टाकले, तेव्हा २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने हा खासगी आयुष्याचा भंग ठरवून त्याला सुमारे ७५ हजार युरो द्यायला लावले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण साहेबांपुढे ठेवण्यासारखा नक्कीच आहे.

कॅमेरा कधीच नको, असे माझे मत नाही. नव्या माणसाची पहिली ओळख, एखाद्याच्या चुकांविषयी करायचे अवघड बोलणे, प्रशिक्षण, अशा वेळी चेहरा दिसलेला बरा, आणि तेव्हा आपलाही कॅमेरा सुरू असावा. रुग्णांची कागदपत्रे कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून विमा कंपनीनेच करारात देखरेखीची अट घातली असेल, तर गोष्ट वेगळी. मग ती अट लेखी दाखवावी आणि ज्यांच्या घरी ती पाळणे शक्य नाही, त्यांना कार्यालयात जागा द्यावी.

साहेबांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सातहीजणांचे मागील चार आठवड्यांचे निकाली दावे आणि परत आलेले दावे एका कागदावर घेऊन जा. फोनसाठी सकाळी अकरा ते एक आणि दुपारी तीन ते पाच अशा वेळा ठरवून टाका; त्या वेळेत फोन उचललाच पाहिजे, इतर वेळी तासाभरात उत्तर आले तरी चालेल. आणि ज्याने फोन उचलला नाही, त्याला त्या दुपारी काय झाले होते, हे आपण विचारले का? पत्रात तसा उल्लेख नाही.

प्रश्न : पाच मिनिटे माऊसला हात लागला नाही की कार्यालयाच्या चॅटमध्ये माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि वरिष्ठांचा मेसेज येतो. मला छापील फाइली वाचाव्या लागतात. सहकारी सांगते की, माऊस आपोआप हलवणारे यंत्र मिळते, ते घे. घ्यावे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घेऊ नका. काम करीत असल्याचा असाच आभास निर्माण केल्याच्या कारणावरून २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. आपण तर खरोखर काम करीत आहात. पकडले गेल्यावर तेही कोणी मान्य करणार नाही. उद्या फाइल वाचायला घेण्यापूर्वी वरिष्ठांना एका ओळीचा मेसेज पाठवा : ‘बारा ते दीड अमुक फाइल वाचते आहे, ठिपका पिवळा दिसेल.’ दीड वाजता फाइलवरची टिपणे पाठवून द्या. आठवडाभर हे करून पाहा आणि त्यानंतरही पिवळ्या ठिपक्यावरून मेसेज येत राहिले, तर मला पुन्हा लिहा.