येळवशीनंतरचे पाच आठवडे

"मॅडम, माझ्यात जिद्दच नाही. सहा महिने रेटलं आन् एका दिवसात सगळं घालवून बसले."

फेब्रुवारीत माझ्यासमोर बसलेल्या बाई लातूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवतात. वय ४२. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजनासाठी येणारी बहुतेक माणसं हीच तक्रार घेऊन येतात: सुरुवातीला जमतं, पुढं मन टिकत नाही.

बाईंचं जूनमध्ये वजन होतं ८४ किलो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ६.२ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यांनी मनापासून धरलं. पहाटे चालणं, रात्री एकच भाकरी, चहातली साखर बंद. दिवाळीपर्यंत ७६ किलो. मग काटा थांबला. सात आठवडे तिथंच. डिसेंबरच्या शेवटी येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आली.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अख्खं गाव रानात. कडब्याची खोपी, पांडवांची पूजा, कडधान्यं-भाज्यांची भज्जी, पिठाचे उंडे, गव्हाची खीर, माठातली आंबील. सासूबाईंनी आग्रह केला, बाई पोटभर जेवल्या. तेवढ्यात पंगतीतली एक नातेवाईक हसत म्हणाली, "काय ओ, वजन कमी करायलाव म्हणं की! आन् ही भज्जी?" सगळे हसले. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभ्या राहिल्या तर ७६.१ चे ७७.९. त्या दिवशी चालायला गेल्या नाहीत. नंतर पाच आठवडे गेल्याच नाहीत. माझ्याकडं आल्या तेव्हा वजन ७९.५ होतं.

मी जिद्दीबद्दल काहीच बोलले नाही. गणिताच्या बाई, म्हणून कागद पुढं सरकवला. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. मग १.८ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा किती जास्त खायला लागेल? त्यांनी गुणाकार केला: १३,८६०. एक मध्यम भाकरी पावणेदोनशेची धरा, म्हटलं. भागाकार झाला आणि त्या थांबल्या. "ऐंशी भाकरी?"

रोजच्या जेवणाखेरीज ऐंशी भाकरी, एका दिवसात. ते वाढलेलं वजन पोटातल्या अन्नाचं, मिठानं धरलेल्या पाण्याचं होतं. शरीर भात-भाकरीतली साखर साठवून ठेवतं तेव्हा प्रत्येक ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणीही साठवतं. नेहमीसारखं जेवत राहिल्या असत्या तर चार-पाच दिवसांत उतरलं असतं. पाळीच्या आधीही असाच काटा चढतो, त्या दिवसांत रडून आलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्यात.

म्हणजे येळवशीनं घात केला नव्हता. घात केला तो त्यानंतरच्या लाजेनं. मी विचारलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी मनात नेमकं काय आलं?" बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मोडलंच ना आता."

हा शब्द उपवासाचा आहे. उपवासात एक दाणा तोंडात गेला तरी मोडतो, आणि मोडला की मोडला, मग दिवसभर काहीही खा. नवरात्राचे नऊ दिवस हा हिशेब चालतो. दोन-तीन वर्षांच्या कामाला तो लावला की माणूस पहिल्याच सणाला हरतो. व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं होतं: एकदा घसरल्यावर 'मी असाच आहे' हा स्वतःवरचा ठपका माणसाला पुन्हा जुन्या सवयीत नेतो.

मी त्यांना विचारलं, तुमच्या रानात सोयाबीन पेरल्यावर मधे मधे उगवलं नाही तर काय करता? "नांग्या भरतो की, जिथं मोकळं तिथंच परत टोकतो. आठ-दहा दिवसांत." सगळं रान मोडून परत पेरत नाही? त्या एकदम माझ्याकडं बघायला लागल्या. पुढच्या सगळ्या भेटींत आमच्यात हाच शब्द राहिला. किती नांग्या पडल्या, किती भरल्या.

पण काटा थांबला होता त्या सात आठवड्यांचं बोलायचं राहिलं होतं. खरी थकवणूक तिथं झाली होती, येळवस फक्त निमित्त. वजन उतरलं की शरीर लहान होतं, लहान शरीराला कमी इंधन लागतं. वर शरीर भूक वाढवतं, खर्च आणखी थोडा आखडतं, कारण त्याला ती उपासमार वाटते. त्यामुळं जूनमध्ये ज्या जेवणानं वजन उतरत होतं, त्याच जेवणानं डिसेंबरात फक्त टिकतं. टिकणं हेही त्या महिन्यांचं काम आहे, असं मी पोटतिडकीनं सांगते, कारण नेमकं याच वळणावर माणसं सोडून देतात. (थांबलेल्या वजनामागं थायरॉइड आहे का, मन उदास आहे का, रात्री चोरून भरमसाट खाणं होतंय का, हे आधी बघावंच लागतं. बाईंचं तसं नव्हतं.)

बोलता बोलता त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. डिसेंबरातला तपासणीचा रिपोर्ट, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ वरून ५.८. "हे कुणाला दाखवलं?" "कुणालाच नाही. वजन कुठं उतरत होतं?" मला वाईट वाटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार सुधारलेल्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. ज्यासाठी बाईंनी जूनमध्ये सुरुवात केली होती ते झालं होतं. काट्याला ते दिसत नव्हतं, म्हणून त्यांनाही दिसलं नाही.

मग आम्ही ठरवलं: काटा फक्त रविवारी सकाळी. महिन्यातून एकदा कमरेला टेप, तीन महिन्यांनी साखर. आणि वाईट दिवसाचं वेगळं माप. परीक्षेचे पेपर, घरी पाहुणे, एप्रिलचं ऊन, अशा दिवशी पाऊण तास चालणं जमणार नाही. त्या दिवशी रात्री गच्चीवर दहा मिनिटं, तेवढ्यानं दिवस भरला. सर्वांत अवघड निघालं घरातलं. सगळ्यांचं झाल्यावर रात्री दहाला जेवायला बसायचं आणि उरलेला भात, 'टाकायचा कसा' म्हणून आपणच संपवायचा. यासाठी मी त्यांच्या मिस्टरांना एकदा बोलावलं. ते साधे गृहस्थ, म्हणाले, "आमच्या ध्यानातच आलं नव्हतं." तेव्हापासून त्या घरात आठला सगळे एकत्र बसतात आणि भाताचं भांडं लहान झालंय.

जूनमध्ये शाळा सुरू होताना परत बारा दिवसांची नांगी पडली. या वेळी त्यांनी तेराव्या दिवशी मला फोन केला, चौदाव्या दिवशी चालल्या. वर्षाखेरीस वजन ७४.८ होतं. तब्बल दीड वर्षात नऊ किलो, म्हणजे बघणाऱ्याला काहीच नाही.

परवा पुन्हा येळवस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा मेसेज आला: "काल आंबील तीन गिलास, भज्जी दोनदा. आज बांधावरून दहा मिनिटं चालून आले. काटा रविवारी."