माळ त्यांची, चूल माझी

"मॅडम, माका शिवराक जेवाण करूक येणा नाय," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या ताई म्हणाल्या. मग मला कळलं की नाही अशा शंकेने पुन्हा म्हणाल्या, "शाकाहारी स्वयंपाक हो. पंचवीस वर्षं संसार केला आणि आता मी नवशिकी झालेय."

ताई सिंधुदुर्गातल्या, राहायला भांडुपला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे.) यजमान चौपन्न वर्षांचे. आषाढीची वारी केली, मग कार्तिकीला आळंदीला गेले आणि तुळशीची माळ घालून घरी आले. मासे, मटण, अंडी बंद. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आजपासून माझं वेगळं करा." ताई जानेवारीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा त्याला दोन महिने होऊन गेले होते. दोघांचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं, आणि जेवणावरूनच बिनसलं होतं.

घरात कुणीतरी शाकाहारी झालंय आणि रोज काय करायचं ते सुचत नाही, अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात. कुणाच्या मुलीने ठरवलेलं असतं, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाला सासर शाकाहारी मिळालेलं असतं. पहिल्या भेटीत सगळे पाककृतींबद्दलच बोलतात. मीही त्या दिवशी पाककृतींबद्दलच बोलले, आणि ती माझी चूक झाली. ओळखीच्या आहारतज्ज्ञ बाईंकडून सात दिवसांचा तक्ता आणून मी ताईंच्या हातात दिला. पनीर, सोयाबीनच्या वड्या, पालक, राजमा, सगळं व्यवस्थित मापून दिलेलं.

पंधरा दिवसांनी ताई तो तक्ता चार घड्या घालून परत घेऊन आल्या. सोयाच्या वड्यांना त्यांनी मालवणी वाटण लावून पाहिलं होतं. यजमान मुकाट्याने जेवले, मुलीने बाहेरून बिर्याणी मागवली आणि उरलेलं टाकून द्यावं लागलं. "माझ्या हातचं टाकायची वेळ कधी आली नव्हती," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

ज्या बाईला बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती आणि सुरमईच्या कढीत कोकमं किती हे डोळे मिटून कळतं, तिच्या हातात मी कोरी पाटी दिली होती. तिला वाटत होतं तेच मी तक्त्याने पक्कं केलं होतं, की तुला येतं ते आता कामाचं नाही.

मग मी तक्ता बाजूला ठेवून विचारलं, "सोमवारी तुमच्याकडे काय करतात?"

"सोमवारी काय, उसळ. काळ्या वाटाण्याची, नाहीतर वालाची. त्याला काय स्वयंपाक म्हणायचं?"

"गणपतीत?"

गणपतीत ताई गावी जातात. घरात अकरा दिवस वशाट, म्हणजे मासे-मटण, येत नाही. भावकी, मुंबईकर, भजनाला येणारी मंडळी धरून एका पंगतीला तीस-तीस पानं. अळूचं फतफतं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, भोपळ्याची भाजी, खीर. हे सगळं रांधणारी मुख्य बाई कोण, असं विचारल्यावर क्षणभर थांबून ताई म्हणाल्या, "मीच."

मला वाटलं, आता गाठ सुटली. तुम्हाला सगळं येतंच की, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच बोलल्या. "पण मॅडम, ते अकरा दिवसांचं असतं. बाराव्या दिवशी बाजारात जायचं हे मनात असतं ना. आता बारावा दिवस येणारच नाही."

त्या वाक्यानंतर आम्ही बराच वेळ गप्प होतो. रांधता येत नाही ही तक्रार वरवरची होती. माझ्या घराची चव बदलायचं ठरलं आणि मला कुणी विचारलंही नाही, हे खरं दुखणं होतं. माळ घालणं ही चांगली गोष्ट आहे हे त्यांनाही मान्य होतं. म्हणून तर बोलता येत नव्हतं. देवाच्या कामात आडवं कसं यायचं?

पुढच्या भेटीला यजमानांना बोलावलं. गृहस्थ साधे, कमी बोलणारे. आपलं वेगळं करायला सांगितलं म्हणजे बायकोवरचा भार कमीच केला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी विचारलं, "ते वेगळं कोण करतं?" त्यांनी ताईंकडे पाहिलं. कधीतरी चहा केला असेल, तेवढाच त्यांचा चुलीशी संबंध. खरा नवशिका या घरात हाच होता.

ठरलं ते असं. आठवड्यातले दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, स्वयंपाक यजमान करतील. ताई स्वयंपाकघरात येणार नाहीत, विचारलं तर बाहेरून सांगतील. बुधवार आणि रविवार ताई आणि मुलगी मासे खातील, त्यांचा तवा आणि टोप वेगळा राहील. कांदा-लसूण चालतो का, हेही त्याच दिवशी विचारून घेतलं, कारण माळकऱ्यांत ते सगळ्यांचं सारखं नसतं. यांचं एकादशी सोडून चालत होतं. हे असं स्पष्ट विचारून घ्यावं. नाहीतर घरची बाई महिनोन्महिने अंदाजाने रांधत राहते.

यजमानांना मी तीनच गोष्टी दिल्या: वरण-भात, मुगाची उसळ आणि काप. स्वयंपाक कधीच न केलेल्या माणसाने याहून जास्त सुरुवातीला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वाटीभर तूरडाळ, अडीच-तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल, कुकरच्या चार शिट्ट्या. फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं, मग गॅस बारीक करून हळद, कारण ती क्षणात करपते. मूग रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आपोआप येतात. काप सुरणाचे, कच्च्या केळ्याचे किंवा मिळाला तर नीरफणसाचे. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ चोळायचं, तांदळाच्या पिठात रव्यासह घोळवायचं आणि तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत करायचं. आगळामुळे सुरण घशाला खाजत नाही.

काप मी मुद्दाम निवडले होते. मासा तळायची रीत तीच आहे आणि मसाल्याचा वासही तोच. त्या वासाने ताई उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात यजमानांनी आपण होऊन काळ्या वाटाण्याला हात घातला. वाटाणे रात्रभर भिजवले होते, पण शिजवताना कुकरमध्येच कोकमं टाकली. आठ शिट्ट्या झाल्या तरी वाटाणे दाताला लागत होते. आंबट घातलं की कडधान्य मऊ व्हायला फार वेळ घेतं, म्हणून कोकम, चिंच, टोमॅटो नेहमी शिजल्यावर. ताई बाहेरून ते बघत होत्या. आधी हसल्या, मग आत गेल्या आणि कोकमं काढून, पाणी बदलून वाटाणे पुन्हा लावून दिले. "कार्तिकीपासून पहिल्यांदा आम्ही ओट्याशी एकत्र उभे राहिलो," हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

त्यानंतर ताईंचा हात सुटला. बांगड्यासाठी त्या ओलं खोबरं, धणे, सुकी मिरची आणि हळद यांचं जे वाटण करतात, ते त्यांनी तूरडाळ आणि शेवग्याच्या शेंगांना लावलं, वर ठेचलेली तिरफळं आणि कोकम. यजमानांनी तीनदा भात घेतला. पनीर त्या घरात पुन्हा आलं नाही, आणि ते यायलाच हवं होतं असं मला आता वाटत नाही. मासे सोडणाऱ्या माणसाला रोज आठवतो तो मासा थोडा आणि त्याचं वाटण, आंबटपणा, तिरफळाचा झणका जास्त, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. ते सगळं झाडांवरचंच आहे. आपल्या घरच्या सोमवारच्या, श्रावणाच्या, गणपतीच्या स्वयंपाकापासून सुरुवात करा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. कोल्हापूरकडचं माणूस आलं तर त्याला झुणका आणि आख्खा मसूर आठवायला सांगते.

ताईंची एक काळजी मात्र पाककृतीने मिटणारी नव्हती. मासे गेले, आता यांच्या अंगात ताकद कशी राहणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांत डाळी-कडधान्यांचा दिवसाचा वाटा साधारण ८५ ग्रॅम धरला आहे, म्हणजे कोरडं कडधान्य अंदाजे दोन मुठी. पातळ वरणाच्या एका वाटीत ते भरत नाही, उसळ लागतेच. डाळीत जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते भाता-भाकरीत मिळतात, म्हणून वरण-भात ही जोडी शहाणपणाची आहे. जेवल्यावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. लिंबू किंवा आवळा असेल तर उलट मदतच होते.

बी-१२ जीवनसत्त्वाचं मात्र मी कुणालाही घरगुती उत्तर देत नाही. डाळी-भाज्यांत ते मिळत नाही, दूध-दह्यात थोडं असतं. शरीरातला साठा बराच काळ, कधी काही वर्षंही पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा लक्षात येते आणि तोवर हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू झालेला असू शकतो. म्हणून यजमानांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासलं, तेव्हा ठीक निघालं, वर्षाने पुन्हा तपासायचं ठरलं.

शेवटच्या भेटीला दोघं एकत्र आले. ताईंनी डब्यात नीरफणसाचे काप आणले होते. मी विचारलं, "बाराव्या दिवसाचं काय?"

"आठवण येते," त्या म्हणाल्या. "बुधवारी मी माझी सुरमई तळते, हे खिडकी उघडून देतात आणि बाहेर जाऊन बसतात. पहिल्यांदा वाईट वाटलं. आता मी पण त्यांच्या एकादशीला भगर करते, मला आवडत नाही तरी."

यजमान इतका वेळ गप्प होते. डब्यातला काप उचलून ते मला म्हणाले, "हा माझा. मीठ जरा जास्त झालंय."

"जरा नाय," ताई म्हणाल्या, आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.