ब्रसेल्समध्ये तंत्रज्ञान-धोरणाचं काम करायला यायचंय? सविस्तर उत्तर

तुमचे प्रश्न तीन आहेत. भारतात पाच वर्षं डेटा संरक्षण आणि स्टार्टअप धोरणावर काम केलंय, तर ब्रसेल्समध्ये नोकरी मिळेल का. त्यासाठी आधी इथे मास्टर्स करावं का. आणि बाई म्हणून या क्षेत्रात काय वाट्याला येतं. मी इथे हेच काम करते, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. युरोपीय आयोगातली (म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळातली) कायम नोकरी आपल्यासाठी नाही, तिथे सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. आयोगाची ब्लू बुक ट्रेनीशिप (पाच महिन्यांची, १ मार्च आणि १ ऑक्टोबरला सुरू होते) बाहेरच्या देशांतल्या लोकांनाही मिळते, पण जागा मोजक्याच असतात. आपली खरी दारं आयोगाच्या भोवती आहेत: ब्रूगल आणि सेप्ससारखे थिंक टँक, एड्रीसारख्या डिजिटल हक्कांच्या संघटना, डिजिटलयुरोप किंवा अलाइड फॉर स्टार्टअप्ससारख्या उद्योगसंघटना, सल्लागार कंपन्या, आणि मोठ्या कंपन्यांची पब्लिक पॉलिसी खाती. तुमचा बायोडेटा वाचून वाटतं की पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात तुमचं जमेल.

पण ‘तंत्रज्ञान धोरण’ एवढंच सांगत आलात तर कुणी लक्ष देणार नाही. इथे माणूस ओळखला जातो तो त्याच्या फाइलवरून, म्हणजे तो ज्या कायद्यावर काम करतो त्यावरून. कुणी डीएसएवर (ऑनलाइन मंचांच्या जबाबदाऱ्यांचा कायदा), कुणी डीएमएवर (बड्या डिजिटल कंपन्यांच्या स्पर्धेचा कायदा), कुणी एआय ॲक्टवर (कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा). तुम्ही डेटा आणि स्टार्टअप या दोन्हींत आहात, म्हणून मी एआय ॲक्ट घ्या म्हणेन. तो १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला आणि त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात, म्हणजे काम अजून बरीच वर्षं पुरेल. त्यात छोट्या कंपन्यांसाठी काय लिहिलंय ते कलमांसकट पाठ असू द्या. उदाहरणार्थ ९९वं कलम. एआयच्या निषिद्ध वापराबद्दल कमाल दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या सात टक्के, यांतली जी रक्कम मोठी ती. स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी मात्र दोन्हींतली लहान रक्कम. एवढ्या एका फरकाचा अर्थ संस्थापकाला समजावून सांगता येणारी माणसं कमी आहेत. तसंच सॅंडबॉक्सचं, म्हणजे नियामकाच्या देखरेखीखाली नवी एआय प्रणाली तपासून पाहण्याच्या व्यवस्थेचं: प्रत्येक सदस्य देशाने किमान एक चालवायचा आहे आणि त्यात लहान कंपन्यांना प्राधान्याने प्रवेश द्यायचा आहे. युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरच्या सप्टेंबर २०२४मधल्या द्रागी अहवालानंतर इथली हवाच बदलली. नियम सोपे करा, नवउद्योगांना श्वास घेऊ द्या, ही मागणी जोरात आहे आणि हक्कांच्या संघटना तितक्याच जोरात विरोध करताहेत. या दोघांच्या मधे उभं राहून कायद्याचा मजकूर नीट वाचणारी व्यक्ती दोन्हीकडे हवी असते.

तुमचा भारतातला अनुभव बाजूला ठेवू नका, अनेक जण इथे येऊन तीच चूक करतात. २०१६पासूनचं यूपीआय, आधार, २०२३चा डेटा संरक्षण कायदा, खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा पुट्टस्वामी निकाल, हे सगळं तुम्ही आतून पाहिलंय. कोट्यवधी लोक एखादी प्रणाली रोज वापरतात तेव्हा ‘संमती’चं प्रत्यक्षात काय होतं, हे सांगणारे लोक या शहरात फार नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२३मध्ये भारत आणि युरोपीय संघाने व्यापार-तंत्रज्ञान परिषद स्थापन केली. त्या विषयावर लिहायला दोन्हीकडची जाण लागते.

आता बाई म्हणून. वरच्या पातळीवर इथे बायका दिसतात आणि त्याचा फरक पडतो, हे मी मनापासून सांगते. जीडीपीआरचा (युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचा) प्रस्ताव २०१२मध्ये विवियान रेडिंग यांनी मांडला. युरोपीय संसदेत डीएसए तडीस नेला तो क्रिस्टेल शाल्डेमोसे यांनी. मार्ग्रेट वेस्टेयर यांनी दहा वर्षं स्पर्धा आयुक्त म्हणून बड्या कंपन्यांना हिशेब विचारला. आयोगात सध्या तंत्रज्ञानाचं खातं हेन्ना विर्क्कुनेन यांच्याकडे आणि स्टार्टअपचं एकातेरिना झाहारिएव्हा यांच्याकडे आहे. मधल्या पायऱ्यांवर चित्र वेगळं असतं. चर्चासत्रात चारही पुरुष झाले की आयत्या वेळी तुम्हाला बोलावतील, आणि विषय देतील ‘तंत्रज्ञानातल्या स्त्रिया’. मला हे अजूनही खटकतं. दोन-तीन वेळा नम्रपणे सांगा की मी कलम ९९वर बोलेन, सॅंडबॉक्सवर बोलेन. पुढच्या वेळी त्यासाठीच बोलावतात. स्टार्टअपच्या बाजूला अडचण जास्त टोकदार आहे, कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे आणि फक्त स्त्रियांनी उभारलेल्या कंपन्यांना मिळणारा जोखीम भांडवलाचा वाटा युरोपात अगदी नगण्य राहिला आहे. या प्रश्नावर धोरण म्हणून काम करायचं असेल तर जरूर करा, पण स्वतःच्या निवडीने.

मास्टर्स? नोकरी हाती असेल तर गरज नाही. नसेल तर ल्यूवेन विद्यापीठातलं सिटिप किंवा ब्रसेल्समधल्या व्हीयूबीचं एलएसटीएस, दोन्ही केंद्रं या विषयात नावाजलेली आहेत. पदवीनंतर नोकरी शोधायला बेल्जियम बारा महिने देतं, हा खरा फायदा.

व्हिसाकडे फार काळजीपूर्वक बघा. कामाच्या परवान्याचा अर्ज नियोक्ता करतो, आणि परवाना देणारं सरकार ब्रसेल्स, फ्लँडर्स, वालोनिया या प्रदेशांप्रमाणे वेगळं असतं. किमान पगाराची अटही त्यानुसार बदलते आणि दरवर्षी वाढते. ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा युरोपीय परवाना) आता सहा महिन्यांचा करार पुरतो. सगळ्यात फसवी ऑफर म्हणजे ‘कन्सल्टन्सी करारावर या, पगाराचं नंतर बघू’. युरोपीय नागरिक नसलेल्या व्यक्तीला बेल्जियममध्ये स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायला वेगळं प्रोफेशनल कार्ड लागतं. ते नसताना असा करार घेऊ नका, ऑफर कितीही चांगल्या संस्थेची असो. लेखी नोकरीपत्र मागा.

कामाला इंग्रजी पुरतं. घरभाडं आणि कम्यूनमधली (स्थानिक पालिकेतली) नोंदणी यांसाठी थोडं फ्रेंच शिकून या.

निघण्याआधी घरबसल्या एक काम करता येईल. आयोग नव्या कायद्यांवर जाहीर मतं मागवतो, कुठल्याही देशातली व्यक्ती मत पाठवू शकते, आणि तुमची संमती असेल तर ते तुमच्या नावासह प्रसिद्ध होतं. स्टार्टअप किंवा एआयशी संबंधित एखादी खुली सल्लामसलत निवडा, चार पानं लिहा. त्यात भारतातला एकच ठोस अनुभव घ्या आणि तो प्रस्तावाच्या नेमक्या कलमाला जोडा. मुलाखतीत तीच चार पानं पुढे ठेवा. पाठवण्याआधी मसुदा मला दाखवायचा असेल तर जरूर पाठवा, मी वाचून कलमांवर खुणा करून देईन.