ट्रामाडॉल एकदम बंद केल्यावर: पहिले दहा दिवस आणि त्यापुढचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मिस्टरांचं (वय 46) मणक्याचं ऑपरेशन आठ महिन्यांपूर्वी झालं. तेव्हापासून ट्रामाडॉल ही वेदनेची गोळी, एसआर 100 (एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, 100 मिलिग्रॅमची) सकाळ-रात्र सुरू होती, आणि जास्त दुखलं की ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, दिवसाला तीनेक. रात्री अल्प्राझोलाम 0.25, म्हणजे झोपेची-घबराटीची गोळी. ‘आता ही सवय मोडायचीच’ म्हणून त्यांनी वेदनेच्या सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या. आज तिसरा दिवस आहे. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत ओढ, जुलाब, झोप नाही. किती दिवस चालेल, घरी निभेल का, आणि पुन्हा गोळी दिली तर व्यसन लागेल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

सगळ्यात आधी ज्या डॉक्टरांनी गोळी लिहिली त्यांना आजच फोन करा आणि सरळ सांगा: ‘ट्रामाडॉल आठ महिने घेतली, तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केली, असा असा त्रास होतोय, हळूहळू कमी करण्याचा लेखी तक्ता हवा.’ पुष्कळ लोक हे सांगायला लाजतात. डॉक्टर रागावतील, नशेडी समजतील, असं वाटतं. पण आठ महिने रोज ओपिऑइड (अफूसारखं काम करणारं वेदनेचं औषध, ट्रामाडॉल त्यातलंच) घेतलं की कुणाचंही शरीर असंच वागतं. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. म्हणूनच नुसत्या मनाच्या जोरावर एकदम बंद करणं हा त्याचा इलाजही नाही.

फोन करण्याआधी एक हिशोब करून ठेवा. एसआरच्या दोन गोळ्या म्हणजे 200 मिलिग्रॅम. एकत्र गोळीत साधारणपणे ट्रामाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. अशा तीन म्हणजे आणखी 112.5. एकूण 312.5 मिलिग्रॅम. दिवसाची कमाल मर्यादा 400 आहे. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर 200 आणि प्रत्यक्ष पोटात तीनशेच्या वर, अशी स्थिती आहे. कमी करण्याचा तक्ता खऱ्या आकड्यावर बसवला नाही तर पहिल्याच आठवड्यात फसतो. प्रत्येक पट्टीवरचा आकडा वाचा, कारण सगळ्या कंपन्यांच्या गोळ्या सारख्या नसतात.

आता त्रास का होतो ते. मेंदूच्या बुडाशी नॉरॲड्रेनालिन (शरीराला सावध ठेवणारं रसायन) तयार करणारा एक छोटा भाग असतो. ओपिऑइड त्याला महिनोन्‌महिने दाबून ठेवतं, आणि तो भाग दाबाला न जुमानता काम करायला शिकतो. दाब अचानक गेला की तो उसळतो. घाम, धडधड, काटा, जांभया, बेचैनी हे सगळं तिथून येतं. आतडीही इतके दिवस मंद केलेली असतात, ती आता जोरात चालतात, म्हणून मुरडा आणि जुलाब. ट्रामाडॉलला शिवाय दुसरी बाजू आहे. ते सेरोटोनिन या मूडशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनावरही काम करतं. म्हणून काहींना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, हातापायांना मुंग्या येतात, एकाएकी घबराट होते, क्वचित भासही होतात. ‘हे साध्या गोळीचं नसणार, डोक्यात काही बिघडलं’ म्हणून घरचे घाबरतात. ट्रामाडॉलचं हे माहीत असलेलं लक्षण आहे, पण डॉक्टरांना नक्की सांगा. भास किंवा गोंधळ असेल तर त्याच दिवशी दाखवा.

किती दिवस? साध्या कॅप्सूलनंतर त्रास 12 ते 24 तासांत सुरू होतो, एसआरनंतर थोडा उशिरा. दुसरा ते चौथा दिवस सगळ्यात जड. मग उतरतो, आणि अंगाचा त्रास बहुतेकांचा आठ-दहा दिवसांत आटोक्यात येतो. झोप आणि मूड मात्र कित्येक आठवडे मागे रेंगाळतात.

पुन्हा गोळी सुरू करायची का, हे डॉक्टर ठरवतील. बरेचदा ते त्रास शमेल इतकाच, आधीपेक्षा कमी डोस परत सुरू करतात आणि तिथून खाली आणतात. हा पराभव नाही, हाच उपचार आहे. पण तुम्ही स्वतःहून जुना पूर्ण डोस देऊ नका. शरीराची सहनशक्ती दिवसागणिक घटत जाते.

कमी करण्याचा वेग साधारण असा असतो: काही आठवडे-महिने घेतली असेल तर दर आठवड्याला चालू डोसच्या सुमारे 10 टक्के, वर्ष किंवा जास्त झालं असेल तर महिन्याला 10 टक्के, किंवा त्याहूनही सावकाश. तुमच्यासारख्या प्रकरणात सहसा आधी एकत्र गोळ्या एकेक करून काढतात, कारण ती पायरी लहान असते. मग एसआरकडे वळतात. इथे लोक हमखास चुकतात. शंभरची एसआर गोळी अर्धी तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. बारा तासांचं औषध एकदम सुटतं, आणि ट्रामाडॉल एकदम जास्त गेलं की फिट येऊ शकते. लहान पायरी हवी असेल तर डॉक्टर पन्नासची साधी कॅप्सूल विभागून लिहून देतात. दुसरी चूक ‘एक दिवसाआड’ घेण्याची. ट्रामाडॉल शरीरात निम्मं व्हायला साधारण सहा तास लागतात. एक दिवस सोडला की तो अख्खा दिवस पुन्हा तोच त्रास, आणि दुसऱ्या दिवशीची गोळी अमृतासारखी वाटते. सवय मोडायच्या ऐवजी घट्ट होते. रोज तेवढीच, ठरल्या वेळी, पण हळूहळू लहान होत जाणारी मात्रा घ्यावी. शेवटचे 50 मिलिग्रॅम सगळ्यात चिवट असतात, तिथे घाई नको. एखादी पायरी झेपली नाही तर त्याच पायरीवर आणखी आठवडा थांबावं, वर चढू नये.

अल्प्राझोलाम मात्र या भरात बंद करू नका. तीही रोजची असेल तर अचानक थांबवल्यावर फिट येण्याचा धोका असतो. आणि वाढवूही नका. ओपिऑइडसोबत ती श्वास मंद करते. झोपेसाठी दारू तर अजिबात नको. नैराश्याची किंवा नसांच्या दुखण्याची गोळी (सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन) सुरू असेल तर ते आधी सांगा, ट्रामाडॉलशी त्यांचं पटत नाही.

घरी काय करायचं, त्यात पहिला नंबर पाण्याचा. नागपुरात सध्या पारा 45 च्या आसपास आहे, त्यात जुलाब आणि घाम. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं. लहान पाकीट 200 मिलिलिटरचं असतं, पाकिटावर वाचा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर. उलटी होत असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी एकेक घोट. मठ्ठा चालेल, पन्हं पातळ आणि कमी गोड. त्यांना काटा येऊन थंडी वाजेल आणि ते कुलर बंद करा म्हणतील. चादर द्या, पण मे महिन्यात खोली बंद करून ठेवू नका. या त्रासात ताप आलाच तर किरकोळ असतो. अंग भाजतंय, ताप 104 च्या घरात आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात असू शकतो. अंग ओलं करा, पंखा लावा, 108 ला फोन करा.

अजून एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात निसटते. ट्रामाडॉलनं मलावरोध होतो म्हणून रात्री इसबगोल किंवा जुलाबाचं पातळ औषध सुरू असतं. गोळी थांबते, ते मात्र सुरूच राहतं. आज रात्रीपासून बंद करा. जुलाब फारच असतील तर लोपेरामाइड: आधी 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसाला चारच्या वर नाही. ही गोळी जास्त घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात. ताप किंवा शौचात रक्त असेल तर ती घ्यायचीच नाही.

खाणं मुगाची खिचडी, वरण-भात, केळं, थोडं थोडं पाच-सहा वेळा. तर्री पोहे आणि सावजी काही दिवस लांब. दुपारनंतर चहा नको, रात्रीची झोप आधीच गेलेली आहे.

पायांची ओढ हा यातला सर्वात छळणारा भाग. कोमट पाण्यात पाय, पोटऱ्यांना तेल लावून चोळणं, भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणणं, रात्री घरातल्या घरात दहा मिनिटं चालणं, हे दर वेळी थोडं थोडं कामी येतं. झोपेसाठी सर्दी-खाजेच्या गुंगीच्या गोळ्या (प्रोमेथाझिनसारख्या) देऊ नका, आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडही शक्यतो टाळा. दोन्हींनी पायांची ही बेचैनी वाढू शकते. धडधड, घाम, काटा यांवर डॉक्टर क्लोनिडिन देतात, 100 मायक्रोग्रॅमची छोटी गोळी. ती रक्तदाब उतरवते. जुलाबानं पाणी कमी झालेल्या माणसाला ती दिली तर तो उठल्याबरोबर भोवळ येऊन पडतो. म्हणून बीपी मोजूनच घ्यायची, पलंगावरून उठताना आधी मिनिटभर बसायचं, आणि काही दिवस घेतल्यावर तीही एकदम सोडायची नाही.

दुखणं परत उसळेल. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कंबरच नाही, सगळं अंग दुखतं, कारण ओपिऑइडमुळे वेदनेच्या नसा जास्तच जाग्या झालेल्या असतात. ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ काढू नका. पॅरासिटामॉल 500 ते 650 दर सहा तासांनी चालतं, दिवसाला 3 ग्रॅमच्या आत. आणि एकत्र गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तर त्यांतलं पॅरासिटामॉलही त्यात मोजा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दिवसांत नको. पाणी कमी असताना त्या किडनीवर येतात.

मात्र मणक्याच्या रुग्णाच्या बाबतीत एक फरक पक्का लक्षात ठेवा. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा शौचावरचा ताबा सुटणं, एखादा पाय नव्यानं लुळा पडणं, ही गोळी सोडल्याची लक्षणं नाहीत. ताबडतोब दवाखाना. तसंच पाणीही पोटात टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, फिट आली, छातीत दुखलं, माणूस भरकटल्यासारखा बोलू लागला, तर घरी थांबू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर एकटं सोडू नका आणि टेलिमानसला 14416 वर फोन करा, रात्रंदिवस चालू असतो. (ज्यांच्या घरी गर्भवती स्त्री या गोळ्यांवर असेल, त्यांनी तर डॉक्टरांशिवाय एकही गोळी कमी करू नये, अचानक थांबवणं बाळासाठी धोक्याचं आहे.)

गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून दुखण्याचं इंजेक्शन द्या’ असं करू नका. ते इंजेक्शन बहुधा ट्रामाडॉलचंच असतं, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि पेंटाझोसिनचं असलं तर ओपिऑइडची सवय असलेल्या माणसाचा हा त्रास काही मिनिटांत कितीतरी वाढू शकतो. काय टोचताय ते नाव विचारा. ओळखीतून कुणी ‘आयुर्वेदिक, एकदम सेफ’ म्हणून गोळी दिली तर डबीवर अहिफेन लिहिलंय का पाहा. अहिफेन म्हणजे अफू.

व्यसनाचं विचारलंत. शरीराला सवय होणं जवळजवळ प्रत्येकाला होतं. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: दुखत नसतानाही गोळी घेणं, डोस लपवणं, दोन-तीन मेडिकल स्टोअर फिरून पट्ट्या जमवणं, कमी करायचं ठरवून दरवेळी फसणं. तसं असेल तर मानसोपचार विभाग गाठा. नागपुरातलं मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानचं एम्स, मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, या सगळ्या ठिकाणी सोय आहे. सकाळी ओपीडीच्या वेळेआधी पोहोचा आणि डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, सगळ्या रिकाम्या-भरल्या पट्ट्या सोबत न्या. तिथे गरज पडली तर ब्युप्रेनॉर्फिन (हा त्रास शमवणारं औषध) जिभेखाली देतात. शेवटची गोळी कधी घेतली ते तिथे खरं सांगा. आधीचं औषध अंगात असताना ते दिलं तर त्रास उलट भडकतो, म्हणून 12 ते 24 तास, एसआर असेल तर त्याहून जास्त वेळ थांबून, त्रास नीट सुरू झाल्यावरच देतात. कोण्या खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायची वेळ आलीच तर नोंदणी आहे का आणि डॉक्टर रोज येतात का, हे विचारा. साखळीनं बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंद आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446.

कागद जपून ठेवा. ट्रामाडॉल एप्रिल 2018 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळायलाही नको. तक्ता ठरला की तेवढ्याच दिवसांची चिठ्ठी मागा आणि गोळ्यांचा ताबा तुमच्याकडे ठेवा. आठवड्याच्या डब्यात मोजून, बाकी कुलपात.

हे मी शेवटी लिहितोय, पण धोका इथेच सर्वात मोठा आहे. गोळी पूर्ण सुटून दोन-तीन आठवडे झाले, एके रात्री कंबर भयंकर दुखली, आणि कपाटात सापडलेल्या जुन्या पट्टीतून पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या, तर शरीर आता तेवढं सोसत नाही. श्वास मंद होतो, विशेषतः सोबत अल्प्राझोलाम किंवा दारू असेल तर. माणूस हलवून जागा होत नाही, श्वास अडखळत किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की 108 लावा, कुशीवर वळवा, तोंडात पाणी-लिंबू काही घालू नका, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना ‘ट्रामाडॉल’ हे नाव सांगा. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन त्यासाठीच असतं. श्वास थांबलाच तर फोनवरचा माणूस सांगेल तसं छातीवर दाब देणं सुरू करा. म्हणून आजच घरातले सगळे खण, ऑफिसची बॅग, गाडीची डिक्की पाहून जुन्या पट्ट्या गोळा करा आणि डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.